खैराचा गाभा

मांजरपाटाचं दोन वार कापड मागच्या पडवीत टांगलंय. काल रात्री काताच्या पाण्यातून काढलं तेव्हा ते फिकट होतं, दुधाळ चहासारखं. सकाळी उठून बघते तर विटकरीकडे झुकलेलं तपकिरी. रात्रभर त्याला कुणी हात लावला नाही, नुसत्या वाऱ्यावर रंग चढला. कात म्हणजे खैराच्या गाभ्याचा अर्क, पानात घालतात तोच. त्याचं असंच असतं. अर्धा रंग भांड्यात चढतो, उरलेला हवेत.

हा नाद मला लागला तो आजीच्या पानाच्या डब्यामुळे. आजी गेल्यावर तिच्या वस्तू वाटल्या गेल्या. कुणाला पाटल्या, कुणाला तांब्याचा बंब, मला हा पितळी डबा. चुन्याची डबी, अडकित्ता, लवंगांचा कप्पा, आणि कोपऱ्यातल्या कप्प्यात काताचे चार-पाच खडे. त्यांच्याखाली धोतराच्या कापडाचा एक तुकडा घडी करून ठेवलेला. कधी काळी तो पांढरा असणार. डबा घासायला काढला तेव्हा तो तुकडाही धुवायला टाकला. साबणाने निघेना, सोड्याने निघेना, चार दिवस उन्हात टाकला तरी काही नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत काताचे खडे पाझरत राहिले आणि वर्षानुवर्षं त्या फडक्यात मुरत गेले. ज्याला मी डाग म्हणत होते तो रंग होता, पक्का रंग. तो तुकडा अजून माझ्याकडे आहे.

रंगवायचं कसं ते हळूहळू, कापडं बिघडवत शिकले. नव्या मांजरपाटाला खळ असते, तिच्यावर रंग धरत नाही, म्हणून आधी धुण्याच्या सोड्यात तासभर उकळायचं. मग हिरड्याच्या पाण्यात रात्रभर. त्याने कापड पिवळट होतं, बोटांना तुरटपणा जाणवतो. वाळलं की तुरटीच्या पाण्यातून काढायचं. मग कात. अडकित्त्याने फोडून, पाट्यावर भरडून पाव किलो कात गरम पाण्यात सोडायचा. थंड पाण्यात तो मानतच नाही, वाळूसारखा तळाशी बसून राहतो. पाणी तापलं की मात्र भांड्याच्या तळातून गडद धागे वर येऊ लागतात, एकमेकांत मिसळतात, आणि बघता बघता सगळं पाणी लाल-काळं होतं. वास येतो तो ओल्या लाकडाचा, त्यात काकवीसारखं काहीतरी. या पाण्यात कापड बुडवून मंद आचेवर तासभर हलवत राहायचं. हलवायचा कंटाळा केला की पट्टे उमटतात. माझी पहिली तीन कापडं पट्ट्यांची आहेत.

एक तुकडा मी नेहमी वेगळा ठेवते. गंजलेले खिळे आणि गूळ पाण्यात घालून तीन आठवडे ठेवले की जे आंबूस काळं पाणी होतं त्यात तो तुकडा बुडवायचा. बुडवताक्षणी तपकिरी रंग मावळतो आणि शेवाळी राखाडी वर येतो. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी स्वयंपाकघरातून नवऱ्याला हाका मारून बोलावलं होतं. लोखंड आणि खैर यांचं काय नातं आहे ते तेव्हा मला माहीत नव्हतं. लहानपणी एवढंच ऐकलं होतं की कात लोखंडाच्या भांड्यात आटवला की काळा पडतो.

पुढे समजलं ते असं. खैराच्या गाभ्यात मुख्यतः दोन पदार्थ असतात, कॅटेचिन आणि टॅनिन. दोन्ही गरम पाण्यात उतरतात. पण काढा गार झाला की कॅटेचिन बारीक स्फटिक होऊन खाली बसतं आणि टॅनिन पाण्यातच राहतं. खाली बसलेलं गाळून, दाबून, वाळवून वड्या केल्या की झाला पानाचा फिकट कात. वरचं गडद पाणी आटवलं की काळा कात. पानवाल्याला जो नको तोच रंगाऱ्याला आणि चर्मकाराला हवा असतो. लोखंडाची गाठ पडली की टॅनिन काळवंडतं, जुनी शाई याच तत्त्वावर व्हायची. ग्रीन टीच्या पाकिटावर हल्ली मोठ्या अक्षरांत कॅटेचिन लिहिलेलं असतं. ते नाव मुळात काताच्या लॅटिन नावावरून, कॅटेच्यूवरून पडलं. चहात तो पदार्थ सापडला नंतर, त्याचं बारसं खैराच्या घरी झालं.

खैराचं झाड बघायला फारसं देखणं नाही, हे मी त्याच्या प्रेमात असूनही म्हणते. आमच्या घरामागे वरकस जमीन आहे, खाली कातळ, वर बोटभर माती. आंबा तिथे रडतो, काजू कसाबसा जगतो. खैर आपला आपण उगवतो. साल काळपट करडी, लांब पट्ट्यांनी सुटलेली, जणू झाडाने अंगावर फाटकी घोंगडी घेतलीय. पानं बाभळीसारखी बारीक पिसांची, आणि प्रत्येक पानाच्या बुडाशी आकड्यासारख्या वाकड्या काट्यांची जोडी. बाभळीचा काटा टोचतो, खैराचा धरून ठेवतो. मागे खेचलं तर सदरा फाटतो, पुढे सरकून सोडवावं लागतं. उन्हाळ्यात पानं गळून झाड पार वाळल्यासारखं उभं असतं. पावसाच्या तोंडाशी पिवळट पांढऱ्या तुऱ्यांनी भरतं, आणि थंडीपर्यंत चपट्या शेंगा तपकिरी होऊन वाऱ्यावर खुळखुळायला लागतात.

त्याचं सगळं धन आत. बाहेरून दोन-तीन बोटं पांढरट पिवळं लाकूड, ते निरुपयोगी, त्याला वाळवी लागते. त्याच्या आत गाभा, ताजा कापला की विटेसारखा लाल, मग दिवसागणिक काळसर होत जाणारा. त्या गाभ्याला वाळवी तोंड लावत नाही. म्हणून आमच्याकडे मुसळ खैराचं, नांगराची कुसवं खैराची, गोठ्यातला खुंटा खैराचा. आजोबांनी पुरलेला खुंटा मी बघितलाय, त्याला बांधलेल्या गुरांच्या तीन पिढ्या गेल्या. तांबूस तपकिरी बैलाला खैरा म्हणतात तो याच गाभ्याच्या रंगावरून. आमच्याकडे एक खैऱ्या होता. त्याच्या मानेवरचे केस उन्हात अगदी आज माझ्या पडवीत टांगलेल्या कापडासारखे दिसायचे.

वास्तुशांतीला, ग्रहयज्ञाला मंगळाची समिधा खैराची. मृग नक्षत्राचं झाडही खैरच. आयुर्वेदात त्वचेच्या विकारांवर खैराचा मान पहिला, खदिरारिष्टाच्या बाटल्या अजून दुकानांत मिळतात. आजीला हे सगळं ठाऊक होतं, पण तिचा उपयोग साधा होता. तोंड आलं, हिरडी सुजली, घसा बसला की काताचा खडा गालात धरायला लावायची. पोट बिघडलं तरी तेच. आधी तोंड आक्रसायचं, जीभ टाळूला चिकटायची. मग काही वेळाने, थुंकी गिळता गिळता, मागे एक गोडवा यायचा. त्या गोडव्याची वाट बघत आम्ही पोरं गप्प बसायचो.

हे जे तोंड आक्रसतं, तेच काताचं खरं काम. टॅनिन प्रथिनांना धरतं, त्यांना घट्ट करतं. थुंकीतल्या प्रथिनांना धरलं की तोंड कोरडं पडतं. कच्च्या कातड्यातल्या प्रथिनांना धरलं की कातडं कुजत नाही, पाण्याने फुगत नाही, वाळून लाकूड होत नाही. मराठीत याला कातडं कमावणं म्हणतात. मला हे क्रियापद फार आवडतं. पैसा कमावतात, शरीर कमावतात, कातडं कमावतात. तिन्हीकडे रोज थोडं थोडं, घाई न करता. सालीच्या पाण्यात कातडं आठवडेच्या आठवडे मुरावं लागतं, आणि पाणी हलक्यापासून कडकपर्यंत चढवत न्यावं लागतं. पहिल्याच दिवशी कडक पाण्यात टाकलं तर वरचा पापुद्रा आवळून बसतो आणि आतलं कातडं कच्चंच राहतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं परंपरेने बाभळीच्या साली आणि हिरड्यावर कमावतात. कातडं शिवून त्याची पिशवी करायची, तिच्यात सालीचं पाणी भरून टांगायची, आणि ते पाणी कातड्यातून थेंब थेंब झिरपू द्यायचं, अशी ती रीत. क्रोमियमच्या क्षारांनी तेच काम एका दिवसात होऊ लागलं आणि जगातलं बहुतेक कातडं आता तसंच कमावलं जातं. ते मऊ असतं, स्वस्त असतं. पण ज्यांनी क्रोमच्या कारखान्याखालचा ओढा बघितलाय त्यांना स्वस्ताची किंमत कुणी भरली ते सांगावं लागत नाही.

साहेबाला काताची ही ताकद उशिरा कळली. त्याआधी शतकानुशतकं कात समुद्रावरून जातच होता. पोर्तुगीज दुआर्ते बार्बोसा १५१४ च्या सुमाराला लिहितो की खंबायतहून मलाक्याला ‘काचो’ नावाचा माल जातो, तो हाच. गोव्यात राहून औषधींचा अभ्यास करणाऱ्या गार्सिया द ऑर्ताने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात कात कसा करतात ते लिहून ठेवलं. लाकूड कुटून उकळायचं, आणि त्या काढ्यात नाचणीचं पीठ मिसळून वड्या करायच्या. त्या पोर्तुगीज पानावर आपल्या नाचणीचं नाव वाचलं तेव्हा मला घरचं माणूस परदेशात भेटावं तसं झालं. युरोपात मात्र बराच काळ लोक याला जपानची माती समजत, लॅटिनमध्ये नावही तेच, टेरा जापोनिका. झाडाचा गाभा तिथे पोचेपर्यंत मातीचं ढेकूळ झालेला असायचा, त्यांचा तरी काय दोष.

मग १८०३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीने कातडं कमावण्याच्या तुरट पदार्थांवरचे आपले प्रयोग मांडले. त्यात मुंबईचा कात आणि बंगालचा कात असे दोन वेगळे नमुने तपासलेले होते, आणि मुंबईच्या नमुन्यात टॅनिन जास्त भरलं. पुढे त्याने हिशोब दिला की इंग्लंडात ज्यावर कातडं कमावत त्या ओकच्या सालीचं सात-आठ पौंडांचं काम एक पौंड कात करतो. मुंबईचा कात म्हणजे मुंबई बंदरातून गेलेला. त्यात आमच्या बाजूच्या डोंगरातला किती होता कोण जाणे, पण ती ओळ वाचताना माझ्यासमोर घरामागचा उतारच उभा राहिला.

त्यानंतर काताला भाव आला. ब्रह्मदेशातून रंगून बंदरावाटे काळा कात जहाजं भरभरून जाऊ लागला. इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर मासेमार आपली सुती जाळी आणि शिडं मोठ्या हंड्यांत काताच्या उकळत्या पाण्यातून काढत. सूत समुद्राच्या पाण्यात कुजतं, काताने ते टिकतं. उत्तर समुद्रातला हेरिंग मासा कितीएक वर्षं आपल्याकडच्या नि ब्रह्मदेशातल्या झाडांच्या रंगात रंगलेल्या जाळ्यांत सापडत होता. आपल्या कोळीवाड्यांतही सुती-तागी जाळ्यांना सालींचा काढा द्यायची रीत होती. नायलॉन आलं आणि ते हंडे गेले. नायलॉनला कुजणंच माहीत नाही. तुटलेली नायलॉनची जाळी आता वर्षानुवर्षं समुद्रात तशीच फिरतात, मासे मारत.

आता मला जे सांगायचंय त्याकडे येते.

चिंचेची साल काढा, झाड जगतं. हिरडा फळ देतो, नीळ पानं देते. खैर मात्र गाभा देतो, आणि गाभा काढायला झाड आडवं करावं लागतं. मी पडवीत पाव किलो कात उकळते तेव्हा एका झाडाचा तुकडा उकळत असते, हे मला विसरता येत नाही. खैर पुरता मरत नाही हे खरं. खोडाला धुमारे फुटतात, पहिल्या पावसात खुंटाभोवती लालसर कोवळी पालवी येते. पण त्या धुमाऱ्याचा गाभा पुन्हा जमायला पंचवीस-तीस वर्षं जातात.

मी बारावीत होते तेव्हा बाबांनी उतारावरचे अकरा खैर विकले. माझ्या शिक्षणाला पैसे हवे होते, दुसरं काही विकण्यासारखं नव्हतं. खैर स्वतःच्या जमिनीतला असला तरी तोडायला परवानगी लागते. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याने जी झाडं अनुसूचित ठरवली त्यांत सागाबरोबर, आंब्या-फणसाबरोबर खैरही आहे. एक ठेकेदार आला. परवानगीचं सगळं मी बघतो म्हणाला, आणि उभ्या झाडांवर एक आकडा सांगितला. बाबांनी मान डोलावली. तोडलेल्या ओंडक्यांची साल आणि बाहेरचं पांढरं लाकूड तासून काढलं जातं आणि नुसता गाभा जातो. त्याला सोलीव खैर म्हणतात, बाजारभाव सोलीवचा असतो. बाबांना हे माहीत नव्हतं. माल वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का होऊन ट्रकने गेल्यावर शेजारगावच्या एका माणसाने सोलीवचा त्या वर्षीचा दर सांगितला, तेव्हा कळलं की आम्हाला तिसरा हिस्सासुद्धा मिळाला नव्हता. बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी ते उतारावर गेले आणि ढलप्यांच्या ढिगाशेजारी बसून राहिले. मी त्यांना जेवायला बोलवायला गेले तेव्हा चांदण्यात सगळा उतार ढलप्यांनी पांढरा दिसत होता. त्या ढलप्या आम्ही पुढे दोन पावसाळे चुलीत जाळल्या.

त्या तोडीला ठेकेदाराने माणसं आणली होती ती कातकरी. चार पुरुष, दोन बाया. कुऱ्हाड इतकी नेमकी मारायचे की पांढरं तेवढं उडायचं, लाल गाभ्याला ओरखडा नाही. त्यांच्यातला एक म्हातारा दुपारी आमच्या अंगणात पाणी प्यायला आला तेव्हा आजीने त्याला पान दिलं. त्याने पान घेतलं, त्यातला कात बोटाने उचलून निरखला, मग विडा तोंडात टाकला. त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

कातकरी म्हणजे कात करणारे. काथोडीही म्हणतात. एका अख्ख्या जमातीचं नाव एका झाडाच्या अर्कावरून पडलेलं आहे. पावसाळा सरला की त्यांच्या टोळ्या रानात शिरायच्या, खैर बघून तळ ठोकायच्या. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांच्या जुन्या गॅझेटिअरांतल्या नोंदी सांगतात की तोड सुरू करण्याआधी ते खैराला शेंदूर लावत, नारळ फोडत, धूप दाखवत आणि कामाला यश दे म्हणून त्यालाच विनवत. ज्याला पाडायचं त्यालाच आधी देव करायचं. मग गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळायच्या, काढा गाळायचा, पुन्हा आटवायचा, दाट झाला की वड्या पाडून सावलीत वाळवायच्या. पुरुष तोडायचे, बाया आटवायच्या. जागेवरचे खैर सरले की तळ उठायचा, आणि मागे राहिलेल्या खुंटांना पालवी फुटायला पुरेशी वर्षं मिळायची.

मग रान सरकारचं झालं. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलं आखली गेली. खैर मोलाचा, त्यामुळे त्याच्यावर नजर आधी. आपल्या नावातल्या झाडाला हात लावणं कातकऱ्याचा गुन्हा ठरला. कात व्हायचा थांबला नाही, फक्त तो ठेक्याने होऊ लागला. कातकरी कोळशाच्या भट्ट्यांवर गेले, कात करायचे ते कोळसा पाडू लागले. नंतर वीटभट्ट्या. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर बायकापोरांसकट भट्टीवर जायचं, आणि उचल फिटेपर्यंत, म्हणजे मेपर्यंत, विटा थापायच्या. पोरांची शाळा त्या सहा महिन्यांत सुटते ती सुटतेच. आज सरकारच्या यादीत महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमाती आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. कागदावर नाव आलं, पण कातकरवाडीतली कितीतरी घरं अजून दुसऱ्याच्या जमिनीवर उभी आहेत.

२५ सप्टेंबर १९३० ला उरण तालुक्यात चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांच्या गोळीबारात जे गेले त्यांत नाग्या महादू कातकरी होते. शाळेत आम्हाला मिठाचा सत्याग्रह तपशीलवार शिकवला. दांडी किती मैलांवर हे मला अजून पाठ आहे. चिरनेर आमच्याच कोकणातलं, ते मी पंचविशी उलटल्यावर वाचलं. त्याची मला चीड येते.

मागच्या हिवाळ्यात मी चिपळूणजवळ सावर्ड्याच्या बाजूला एक काताचा कारखाना बघायला गेले. त्या पट्ट्यात असे बरेच कारखाने आहेत. रस्त्यावरूनच वास येतो, माझ्या पडवीतलाच, पण शंभरपट. आवारात सोलीव खैराच्या राशी. यंत्रात घातलेला ओंडका अर्ध्या मिनिटात ढलप्या होऊन बाहेर पडतो. त्या ढलप्या मोठाल्या बंद भांड्यांत वाफेवर शिजतात, काढा आटतो, मग थंड खोलीत दिवसचे दिवस नुसता ठेवतात. त्या खोलीत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, का ते ठाऊक नाही. ट्रेमधला कात खरवसासारखा थिजत होता. मी बोट लावलं तर रवाळ लागला. पुढे कापडात घालून दाबतात, काळं पाणी निथळतं, आणि उरतो तो लगदा तारेने कापून चौकोनी वड्या. निथळलेलं काळं पाणी आटवून वेगळं विकतात. काळा कात आता तेलविहिरी खणताना जो चिखल वापरतात त्याच्यातही घालतात, तो चिखल पातळ राहावा म्हणून, हे तिथेच ऐकलं. मडक्यातला काढा कुठवर पोचला.

चालवणारे गृहस्थ भले होते, सगळं दाखवलं, चहा पाजला. त्यांनी शेतकऱ्यांना खैराची रोपं दिली होती, बांधावर लावा म्हणून, आणि ते मला मनापासून पटलं. कातळावर दुसरं काय येणार आहे? तीस वर्षांनी कापायचं झाड आज कुणीतरी लावतंय, ही गोष्ट लहान नाही. निघताना मी विचारलं, तुमच्याकडे कामाला कातकरी किती? ते जरा थांबले. म्हणाले, “इथे आत कोणी नाहीत. तोडीला असतात, बाहेरच्या बाहेर.” मी तिथून दोन किलो काळा कात आणि अर्धा किलो पानाचा कात घेतला.

आमच्याकडे पावसाळ्यात शेवळं, टाकळा, कुर्डू, कधी खेकडे घेऊन एक म्हातारी येते. कातकरवाडी ओढ्यापलीकडे, तिथून. तिला मी मावशी म्हणते, ती मला बाय. या वर्षी मृगात ती शेवळं घेऊन आली तेव्हा मी पडवीत कापड पिळत होते. कोपरापर्यंत हात तपकिरी. तिने टोपली खाली ठेवली आणि विचारलं, हे काय करतेस? मी म्हटलं, कापड रंगवते, कातात. तिने भांड्यात वाकून बघितलं. मग टांगलेल्या कापडाचं टोक दोन बोटांत धरून चोळलं, नाकाशी नेलं.

“मावशी, तुम्हाला कात करता येतो?”

तिने मान हलवली. येत नव्हता. तिच्या आईलाही येत नव्हता. आईच्या आईने भट्टी बघितलेली, एवढंच तिला ऐकून माहीत. स्वतः तिची हयात वीटभट्टीवर गेली. ती सांगत होती तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती आता माझ्या हातांकडे बघतेय. नखांच्या कडा, बोटांच्या पेरांतल्या रेषा, सगळं रंगलेलं. हा रंग हातावरून आठ-दहा दिवस जात नाही.

मी आत जाऊन पानाचा डबा आणला. विडा लावून देणार होते, तर ती म्हणाली, पान नको, दात कुठेत. नुसता कात दे. मी एक वडी दिली. तिने ती उलटीपालटी करून बघितली, अंगठ्याच्या नखाने एक कोपरा उडवला आणि जिभेवर ठेवला. गाल आत गेले, डोळे मिटले.

“कडू हाय.”

मी काही बोलले नाही. बाहेर पागोळ्या पडत होत्या. ती पडवीच्या कठड्याला टेकून बसली आणि आमच्या आजीपुढे आम्ही बसायचो तशी गप्प राहिली. जरा वेळाने तिने डोळे उघडले.

“आता गोड लागतंय.”

मग विचारलं, “कितीला आणलास?” मी अर्ध्या किलोचा भाव सांगितला. तिने तो मनातल्या मनात एकदा म्हणून बघितला, ओठ हलले. हातातली वडी पदराच्या टोकात ठेवली, गाठ मारली, दाताने धरून ती गाठ पुन्हा आवळली. शेवळांचे पैसे घेतले आणि टोपली डोक्यावर ठेवून पावसातच ओढ्याच्या दिशेने गेली.